धक्का माणिकरावचाच

आसेगाव, ता. मंगरुळपीर
२२ सप्टेंबर २०२४

हरीओम भाऊजींस, वहिनीचा नमस्कार.

पत्र पाहून नवल वाटेल. घरात मोबाईल असून ही बाई कागद काहून खराब करून राह्यली, असं म्हणाल. आपल्या वकीलसाहेबांनी बजावलंय की केसचं एक अक्षर फोनवर बोलायचं नाही आणि मेसेज तर मुळीच करायचा नाही, उद्या मोबाईल कोर्टात मागवतात. म्हणून रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. तुम्हीही तसंच करा.

तुमचे दादा गेले तेव्हा तुम्ही बंगलोरहून धावत आलात, तेरवीपर्यंत राहिलात, पण घर माणसांनी भरलेलं होतं. मला धड बोलता आलं नाही आणि तुम्हीही खोदून विचारलं नाही. आता सगळं सांगते.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे होते. झडत्या सुरू झाल्या, जो तो जुळवलेल्या ओळी म्हणून दुसऱ्याची टर उडवू लागला. माणिकराव कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याच भावकीतला, धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून शेत, आणि आपल्या घराशी वर्षानुवर्षं बोलणं बंद. गावात झडत्या रचण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, आणि त्याचा त्याला भलताच माज. त्याने तुमच्या दादांवर झडती म्हटली. सगळं गाव हसलं. हे पुढे झाले, बाचाबाची झाली, आणि माणिकरावने दोन्ही हातांनी यांच्या छातीवर धक्का दिला. हे मागे तोरणाच्या खांबावर आपटले. उठले, अंगावरची माती झटकली, बैल घरी आणले, त्यांना पुरणपोळी चारली. संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या यांचं तोंड वाकडं झालं. अकोल्याला नेलं. दोन दिवस मशीनवर होते, मग तेही नाही.

माणिकराव आत आहे. सदोष मनुष्यवधाचं कलम लागलंय. वकील म्हणतात, धक्क्यानेच रक्तवाहिनी फुटली असं कोणी जाणकाराने लिहून दिलं तर तो लवकर बाहेर येत नाही. भाऊजी, तुम्ही मेंदूतल्या रक्तवाहिन्यांवरच डॉक्टरेट केलीत. तुमच्यापेक्षा मोठा जाणकार मी कुठून आणू? सोबत फिल्मची पिशवी पाठवते आहे. पहिल्या दिवसाची फिल्म पोलिसांनी नेली. ही दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनमध्ये काढलेली. हिचा रिपोर्ट यायच्या आत हे गेले, मग रिपोर्ट मागायला कोणी गेलंच नाही.

मला माफी नको, भरपाई नको. माणिकराव आतच म्हातारा झाला पाहिजे. त्याचे बैल दुसऱ्याच्या हाताने तोरणाखाली आले पाहिजेत आणि त्याने ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं पाहिजे. एवढंच मागणं आहे.

नीलिमा बापाच्या दुःखात हरवल्यासारखी झाली आहे. हातात घास घेऊन तशीच बसते. हाक मारली तरी ऐकत नाही. मग एकदम भानावर येऊन विचारते, "काय म्हणत होतीस आई?" अकरावीचं वर्ष आहे. तुम्हीच तिला चार शब्द लिहा.

तुमची वहिनी,
वैजयंती


बंगळूर
३ ऑक्टोबर २०२४

ती. वहिनींस, हरीओमचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, पिशवीही मिळाली. दादाने मला खांद्यावर बसवून पोळा दाखवला, त्याच तोरणाखाली त्याला ढकललं. वहिनी, माणिकराव माझ्यासमोर उभा असता तर मी माझी पदवी वगैरे सगळं विसरलो असतो. तुम्हाला जे वाटतं तेच मला वाटतं, हे आधी सांगून ठेवतो.

फिल्म मी बघितल्या. मी डॉक्टर नाही, माझं काम प्रयोगशाळेतलं, उंदरांच्या मेंदूवरचं. म्हणून इथल्या एका ओळखीच्या तज्ज्ञांना दाखवतो आहे. तोवर कोणाला काही लिहून देणं बरोबर नाही. तुम्ही वकिलांना जरा थांबायला सांगा.

दरम्यान मला एक-दोन गोष्टी हव्या आहेत. दादा कधी उभ्या उभ्या गप्प व्हायचा का? म्हणजे डोळे उघडे, पण बोललेलं कळत नाही, असं? मी शिकायला लवकर घराबाहेर पडलो, मला आठवत नाही. आणि झडती काय होती ते तुम्ही लिहिलं नाही.

नीलिमाचं घास घेऊन बसणं किती वेळ चालतं? त्या वेळी ती ओठ चाटते, किंवा एका हाताशी चाळा करते, असं काही? हे पोळ्याच्या आधीही व्हायचं का? नीट आठवून लिहा. तिला माझा आशीर्वाद.

तुमचा,
हरीओम


आसेगाव
१५ ऑक्टोबर २०२४

हरीओम भाऊजींस नमस्कार.

तुम्ही झडती विचारलीत ते बरं केलं. वकिलांनाही मी म्हटलं, आमचे भाऊजी मुळापासून केस बांधून राहिले आहेत.

झडती अशी होती की बैल शिवारातून चरून घरी आला, मालक अजून धुऱ्यावर उभा आहे, डोळे उघडे ठेवून घोरतो आहे, त्याच्या डोक्यावर कावळ्याने घरटं बांधलं तरी त्याला पत्ता नाही. शेवटी सगळ्यांनी महादेवाचा जयघोष केला. तुमच्या दादांची ही सवय गावभर होती. वखर हाकता हाकता थांबायचे. कासरा हातात, नजर कुठेतरी, आणि ओठ चाटत राहायचे. मी भाकरी घेऊन गेले की समोर उभी राहून वाट बघायची. मग म्हणायचे, "तू कवा आली?" मी चिडायचे. लोक म्हणायचे, आळशी माणसाचं ढोंग आहे. सासूबाईंचंही असंच होतं म्हणतात. तुमच्या आईबद्दल मी काय सांगू, मी सून म्हणून आले तेव्हा प्रयागबाईंच्या फोटोला हार घातलेला होता.

म्हणजे बघा, त्याने आधी माणसाच्या सवयीची टिंगल केली, चारचौघांत इज्जत काढली, आणि वरून ढकललं. हे सगळं तुमच्या कागदात आलं पाहिजे.

परवा त्याची बायको भागिरथा दारात आली होती. म्हणाली, "ताई, तुमचं कुंकू गेलं, आता माहं काहून पुसता? दोन्ही घरचे लोक बसून काही ठरवू." मी उंबऱ्याच्या आतूनच म्हटलं, "मीबी तुह्यावानीच चारचौघीत मिरवत होती. आता तुले कळू दे." ती रडत गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. रात्री भाकरीही जास्त गेली.

नीलिमाचं विचारलंत. हो, ओठ चाटते, आणि ओढणीचं टोक बोटांनी चोळत राहते. आधीही कधीमधी व्हायचं बहुतेक, पण तेव्हा मोबाईलचं वेड समजून मी ओरडायचे. आता दुःखामुळे वाढलंय. वकील रोज विचारतात, कागद कधी येणार?

तुमची वहिनी,
वैजयंती


बंगळूर
२९ ऑक्टोबर २०२४

ती. वहिनी,

हे पत्र मी चारदा लिहून फाडलं. दिवाळीच्या तोंडावर पाठवतो आहे त्याबद्दल माफ करा, पण थांबणं बरं नाही.

मेंदूतली बारीक रक्तवाहिनी म्हणजे नुसती नळी नसते. आतून तिला पेशींचं अस्तर असतं, एकीला एक शिवलेल्या पेशी. या अस्तराला बाहेरून वेगळ्या जातीच्या पेशी हातपाय पसरून धरून बसलेल्या असतात. या दोघींचं आपसांत बोलणं चालतं आणि ते कसं चालतं हे बघणं, एवढीच माझी नोकरी आहे. अस्तरातली पेशी एक रसायन सोडते, त्याचा अर्थ होतो, जवळ ये, इथेच राहा. बाहेरची येऊन बिलगते आणि उलट निरोप देते, आता पसरू नकोस, फाकू नकोस, शांत राहा. धुऱ्यावरचे दोन शेतकरी बोलते असले की पाणी कुठून काढायचं ते ठरतं आणि धुरा शाबूत राहतो, तसंच हे. बोलणं चालू आहे तोवर भिंत टिकते.

काही घराण्यांत एका जीनमध्ये जन्मापासूनच खोट असते. मग अस्तरातल्या काही पेशींना शांत राहण्याचा निरोप कळेनासा होतो. त्या आपली शिवण सैल सोडतात, बाहेरच्यांची पकड सुटते, आणि तिथे वाहिनी फुगून तुतीच्या फळासारखा घोस होतो. त्यातून थेंब थेंब रक्त झिरपतं. झिरपलं की शेजारचा मेंदू चिडतो आणि माणूस क्षणभर हरवतो. हात थांबतात, ओठ चाटले जातात. ती फिटच असते, फक्त माणूस पडत नाही म्हणून कोणाला ओळखू येत नाही. दादा ढोंग करत नव्हता.

दादाच्या फिल्ममध्ये असे बरेच डाग आहेत. सगळ्यात मोठ्या डागाभोवती काळं कडं आहे, आणि ते जुन्या रक्ताचं असतं. म्हणजे तो कित्येक वर्षं झिरपत होता. त्या संध्याकाळी तोच फुटला. तो खूप आत आहे. खांब जिथे लागला तिथे हाडाखाली काहीच इजा नाही. इथल्या तज्ज्ञांचं मतही तेच पडलं. धक्का लागला नसता तर तो त्या दिवशी फुटला असता का? हे मला सांगता येत नाही आणि दुसऱ्या कोणालाही येणार नाही. पण धक्क्यानेच वाहिनी फुटली, असं मी लिहून देऊ शकत नाही. लिहिलं तर ते खोटं होईल.

आई डोक्यातली शीर फुटून गेली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. आई, मग दादा. आईबापांपैकी एकाला असलं की प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता असते. वहिनी, नीलिमाचं हरवणं हे दुःख नाही. तिला याच आठवड्यात अकोल्याला न्या आणि एमआरआय काढा. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत, गरज पडली तर ऑपरेशन आहे. मी येऊ का? तुम्ही म्हणाल त्या दिवशी निघतो.

हरीओम


आसेगाव
९ नोव्हेंबर २०२४

हरीओम,

भाऊजी लिहायला हात धजत नाही.

मी तुझ्याकडे न्याय मागितला आणि तू मला शाळा शिकवलीस. पेशी बोलतात म्हणे. माझा माणूस ज्याने चारचौघांत ढकलला तो निर्दोष, आणि दोष कोणाचा तर मेलेल्या प्रयागबाईंचा. तुला आईच्या फोटोकडे बघवेल का? धुऱ्याचा दाखला देतोस. धुऱ्यावरचं बोलणं कोणी बंद केलं ते गावात कोणालाही विचार. आमच्याकडचा बैल त्याच्या तुरीत गेला म्हणून त्याने तुझ्या दादांना तोंड दाखवणं बंद केलं, तेव्हापासूनचं हे आहे.

आणि नीलिमाचं तू मला सांगू नकोस. तुझा डाव मला कळत नाही असं समजू नको. तिची फिल्म काढली आणि तिच्यात डाग निघाला, तर माणिकरावचा वकील तोच कागद उभा करून म्हणेल, बघा साहेब, घराण्याचाच रोग आहे. म्हणजे माझ्या लेकीच्या डोक्याने तिच्या बापाचा मारेकरी सुटायचा. केस संपेपर्यंत मी तिला कुठल्याही मशीनमध्ये घालणार नाही. ती तरणी पोर आहे, दुःख आहे, ओसरेल. गावातल्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या आहेत.

तू हॉस्टेलला होतास तेव्हा तुझे दादा वाशिमपर्यंत सायकलने डबा न्यायचे, पावसापाण्याचे. त्या भाकरीवर वाढलेलं डोकं आज माणिकरावच्या कामी येतंय.

पिशवी परत पाठव. ती माझी आहे. आणि या गोष्टी कोणाजवळ बोललास तर या घराचं दार तुला बंद.

वैजयंती


बंगळूर
२८ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनी,

पिशवी परत पाठवतो आहे. ती तुमची आहे, ठेवा की जाळा, मी विचारणार नाही. पण माझं डोकं माझं आहे.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी स्वतःचा एमआरआय काढून घेतला. इतकी वर्षं उंदरांच्या मेंदूत वाकून बघत होतो, स्वतःच्या मेंदूत बघायची हिंमत झाली नव्हती. माझ्यात तीन डाग आहेत. लहान आहेत, शांत आहेत. रक्ताच्या तपासणीत जीनमधली खोटही मिळाली. म्हणजे हे आईकडून आलं, दादाला आलं, मला आलं.

मी ही फिल्म, तपासणीचा कागद आणि माझं लेखी म्हणणं माणिकरावच्या वकिलाकडे पाठवून दिलं आहे. दादाची फिल्म दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर अजून आहे, कोर्ट ती मागवू शकतं, हेही लिहिलं आहे. काल त्यांची पोच आली.

तुम्ही मला शिव्या द्याल. द्या. मला माणिकराव सुटायला हवा होता असं नाही. झोपेत मी त्याला रोज ढकलतो आणि तो रोज त्याच खांबावर आपटतो. पण तुम्ही नीलिमाला लपवत होतात, ते फक्त तिच्या डोक्यावर केस टांगलेली होती म्हणून. आता ती केस माझ्या डोक्यावर टांगलेली आहे. लपवून ठेवण्यासारखं काहीच उरू नये म्हणून मी हे केलं. आता तिला घेऊन जा.

हरीओम


आसेगाव
१० डिसेंबर २०२४

पिशवी मिळाली. चुलीत घातली. फिल्म जळताना फार घाण वास येतो.

माझा माणूस माणिकरावने एकदा मारला आणि यांच्या सख्ख्या भावाने पुन्हा. पुढचं पत्र आलं तर मी घेणार नाही.

रामकिसनची बायको


बंगळूर
१८ फेब्रुवारी २०२५
(पोस्टकार्ड)

ती. वहिनी, जानेवारीतलं पत्र "घेण्यास नकार" असा शेरा पडून परत आलं. म्हणून कार्डावर लिहितो, फोडावं लागणार नाही. माणिकरावला जामीन झाल्याचं कळलं. तुमचा राग माझ्यावर राहू द्या. पण नीलिमाचा हात जेवताना थांबतो ते दुःख नाही. तिला अकोल्याला न्या. वहिनी, पाया पडतो. हरीओम.


आसेगाव
२६ एप्रिल २०२५

हरीओम भाऊजींस,

तुम्हाला पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहावं लागतंय.

तुमचं कार्ड आधी पोस्टमनने वाचलं, मग ओट्यावरच्यांनी, मग गावाने. माझ्या हातात आलं तेव्हा नीलिमाला मैत्रिणी विचारू लागल्या होत्या की तुझ्या डोक्यात काय आहे. तिने मला विचारलं. मी म्हटलं, काही नाही, काकाला वेड लागलंय. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भांडी घासायला उठले.

माणिकराव जामिनावर सुटून आला तेव्हा त्याच्या लोकांनी वेशीपासून फटाके लावले. मी दार उघडं ठेवून ओट्यावर बसले होते, मला बघून जाऊ दे म्हणून. तो मान खाली घालून गेला. जामिनाच्या अटी कडक होत्या. परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर जायचं नाही, आणि फिर्यादीच्या वाटेला, म्हणजे माझ्या वाटेला, फिरकायचं नाही. वकील म्हणाले, एक जरी अट मोडली तर मला कळवा, परत आत. तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवून होते. तो शेतात कधी जातो, त्याची जीप कुठे उभी असते, मला सगळं पाठ झालं होतं. सण, वार मला काही सुचत नव्हतं. तो कधी चुकतो एवढंच.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भागिरथा पुन्हा आली. अंगणातच थांबली. म्हणाली, "ताई, पोरीले दाखवून आना. आता कायले लपवता? आमचा माणूस तर सुटला." मी तिच्या तोंडावर दार लोटलं. पण भाऊजी, दार लोटल्यावर मी किती तरी वेळ कडी धरून उभी होते. ती खरं बोलली होती. लपवण्याचं कारण तुम्ही कधीचंच मोडून टाकलं होतं, आणि मी तरी पोरीला घेऊन गेले नव्हते. नेलं असतं तर तुम्ही जिंकला असता, म्हणून.

रामनवमीला सगळं गाव पोहरादेवीला गेलं होतं. जीपा, टेम्पो, जे चाकावर चालतं ते सगळं यात्रेला. नीलिमा अंगणात कपडे वाळत घालत होती. हात तारेवर तसाच थांबला. मला वाटलं नेहमीचं आहे. मग ती आडवी झाली आणि झटके सुरू झाले ते थांबेचनात. सरकारी दवाखान्याच्या गाडीला फोन लावला, यायला वेळ होता. मी कोणाकोणाची दारं वाजवली, कोणी नव्हतं. गावात एकच जीप उभी होती. ज्याला जिल्हा सोडायला बंदी होती त्याची.

मी त्याच्या दारात गेले नाही. देवाशपथ गेले नाही. माझा आवाज ऐकून तोच गाडी घेऊन अंगणात आला. म्हणाला, "वहिनी, बसा. अकोल्याले नेतो." मी म्हटलं, "तुले अट ठाऊक हाये ना?" भागिरथा मागून धावत आली, गाडीचं दार धरून ओरडत होती, "तुमी गेले तं पुन्हा आत जासान, ते बाई सोडनार नाई तुमाले." तो म्हणाला, "नको सोडू दे," आणि तिचा हात काढला. मग पोरीला त्यानेच उचलून आत ठेवलं.

बार्शीटाकळी यायच्या आतच जिल्हा मागे पडला. तो समोर बसलेला, मी मागे. मला त्याची मान दिसत होती, दाढीचे खुंट, कॉलरवरचा मळ. सात महिने मी त्या मानेचं काय काय केलं असतं ते मनात ठरवलेलं होतं. वीतभर अंतरावर होती. पण माझे दोन्ही हात नीलिमाच्या डोक्याखाली होते, ते काढले असते तर तिचं डोकं आपटलं असतं. सबंध रस्ताभर मी त्या मानेकडे बघत बसले. दवाखान्यात त्याने स्ट्रेचरला हात लावला आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. मी बाहेर आले तेव्हा निघून गेला होता.

तुम्ही म्हणालात तेच निघालं. डाग आहेत. एक ताजा झिरपलेला होता, तोच झटके देत होता. नागपूरला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी फिल्म समोर धरून समजावलं. अस्तर, बाहेरच्या पेशी, निरोप, सगळं तुमच्याच शब्दांत. मी मान हलवत होते. ते म्हणाले, "तुम्हाला बरंच माहीत आहे." मी सांगितलं, घरात एक शिकलेला माणूस आहे.

आता घरी आलो आहोत. अर्ध्या डोक्यावरचे केस काढलेत, ती ओढणी बांधून फिरते आणि आरसा दिसला की चिडते. पण जेवताना कुठे थांबत नाही. परवा सलग तीन भाकरी खाल्ल्या आणि म्हणाली, "आई, ठेच्याले मीठ कमी हाये." मी चुलीकडे तोंड करून रडले. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्ही मला न विचारता केलंत, माझ्या हातातून काढून घेतलंत, हे मी विसरणार नाही. पण दार बंद म्हटलं होतं ते मागे घेते. नीलिमाला तुम्हाला भेटायचं आहे, आणि नागपूरचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी फिल्म काढा म्हणतात, ती वाचायला मला घरातलंच माणूस हवं. तुमची स्वतःची फिल्मही काढत जा. रिपोर्ट सोबत जोडला आहे. सकाळची गोळी घेतली की तिला फार झोप येते, कमी करावी का ते विचारून लगेच कळवा.

आता शेवटचं. परवा वकीलसाहेब स्वतः घरी आले. कुठूनतरी त्यांच्या कानावर गेलं होतं. अर्ज टाईप करून आणला होता, फक्त माझी सही राहिली होती. म्हणाले, "जिल्हा सोडला, तुमच्या अंगणात आला, दोन्ही अटी मोडल्या. त्याची जीप होती एवढं तुम्ही सांगा, आठवड्यात तो आत." ज्याची वाट बघत मी इतके दिवस काढले ते पाटावर वाढून समोर ठेवलं होतं.

मी म्हटलं, "नीलिमाले सरकारी गाडीत नेलं, साहेब."

ते म्हणाले, "ताई, नीट आठवा."

"आठवूनच सांगून राह्यली. पांढरी गाडी होती."

त्यांनी अर्ज घडी करून बॅगेत ठेवला आणि चहा न घेताच गेले. नीलिमा आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं असावं, पण ती बाहेर आली नाही.

भाऊजी, याला माफी समजू नका. झडती त्याचीच, धक्काही त्याचाच, आणि मरेपर्यंत मी तेच म्हणेन, तुमच्या पेशी काहीही म्हणोत. धक्क्याचं कोर्ट काय ते ठरवेल. पण ज्या तोंडाने मी त्याला रोज शाप दिले त्याच तोंडाने मला त्याच्यासाठी खोटं बोलावं लागलं. हे मात्र मी माणिकरावला जन्मात माफ करणार नाही.

तुमची वहिनी,
वैजयंती